गृहआघाडी आणि शांततेचा तह : पहिल्या महायुद्धाचे देणे कोणी, कसे फेडले?

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी स्पष्ट करता येतील :

- गृहआघाडी म्हणजे काय आणि १९१४ ते १९१८ या काळात सरकारांनी नागरी जीवनावर कोणत्या मार्गांनी नियंत्रण मिळवले.
- युद्धकाळात देशांतर्गत घेतलेल्या निर्णयांचा १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेवर झालेला परिणाम.
- या सर्व प्रक्रियेत भारताचे स्थान काय होते.

१. प्रस्तावना

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात जर्मनीच्या प्रतिनिधींनी तहावर सह्या केल्या. या तहाची कलमे तुम्ही शाळेत पाठ केली असतील : अल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत, जर्मन सैन्य एक लाखावर मर्यादित, वसाहती काढून घेतल्या, युद्धभरपाई लादली. ही यादी बरोबर आहे. मात्र तह असाच का झाला, हे त्या यादीवरून कळत नाही.

युद्धभरपाईच्या तपशिलातील एक बाब पाहा. आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना त्यांच्या सरकारांनी युद्धकाळात जो भत्ता दिला, त्याचा खर्चही जर्मनीने द्यावा, असे तहात म्हटले आहे. लंडनच्या एखाद्या गल्लीतील सैनिकपत्नीच्या हातात दर आठवड्याला पडणारे काही शिलिंग एका आंतरराष्ट्रीय तहात कसे पोहोचले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात येते की तहाची पूर्वतयारी पॅरिसमध्ये नव्हे, तर चार वर्षे आधीपासून प्रत्येक देशाच्या घराघरात चालू होती. सरकारांनी लोकांकडून माणसे, पैसा, श्रम आणि मौन मागितले. त्याच्या बदल्यात काही आश्वासने दिली. युद्ध संपल्यावर लोक ही आश्वासने घेऊन सरकारांच्या दारात उभे राहिले. या घटकाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

२. गृहआघाडी : संकल्पना

पूर्वीची बहुतेक युद्धे मर्यादित सैन्ये लढत असत. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिक खंदकांत वर्षानुवर्षे बसून राहिले. त्यांना रोज दारूगोळा, कपडे, अन्न आणि औषधे पुरवावी लागत. त्यामुळे कारखान्यातील कामगार, शेतातील स्त्री आणि कर्जरोखा विकत घेणारा कारकून हेही युद्धयंत्रणेचा भाग बनले. रणभूमीच्या मागे उभ्या असलेल्या या संपूर्ण नागरी समाजाला इतिहासकार गृहआघाडी म्हणतात. ही आघाडी कोसळली तर रणभूमीवरची आघाडीही टिकत नाही. रशियात १९१७ मध्ये आणि जर्मनीत १९१८ मध्ये हे दिसून आले.

गृहआघाडीवरील धोरणे समजून घेण्यासाठी आपण ती चार भागांत पाहू : कायदा, अन्न, पैसा आणि श्रम.

३. कायदा आणि प्रचार

ब्रिटनने युद्धात उतरल्यानंतर चारच दिवसांनी, ८ ऑगस्ट १९१४ रोजी, राज्यसंरक्षण कायदा संमत केला. या कायद्याने सरकारला केवळ नियम काढून कारभार करण्याचे व्यापक अधिकार मिळाले. वृत्तपत्रांवर बंधने आली, जमिनी व कारखाने ताब्यात घेता येऊ लागले, दारूच्या गुत्त्यांच्या वेळा कमी झाल्या. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली. स्वेच्छाभरतीची परंपरा असलेल्या या देशासाठी हा मोठा बदल होता.

अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी युद्धात उतरली. त्याच महिन्यात जॉर्ज क्रील यांच्या नेतृत्वाखाली लोकमाहिती समिती स्थापन झाली. भित्तिपत्रके, चित्रपट आणि व्याख्याने यांच्या मदतीने तिने युद्धाला लोकशाहीसाठीचा लढा म्हणून मांडले. दुसरीकडे १९१७ चा हेरगिरी कायदा आणि १९१८ चा राजद्रोह कायदा यांनी विरोधकांची तोंडे बंद केली. समाजवादी नेते यूजीन डेब्झ यांना एका युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि त्यांना नऊ लाखांहून अधिक मते पडली.

प्रचाराचा एक दूरगामी परिणाम ध्यानात ठेवा. शत्रू म्हणजे मूर्तिमंत दुष्टपणा, असे चार वर्षे ऐकलेल्या जनतेला पाचव्या वर्षी त्याच शत्रूशी तडजोड करा, असे सांगणे कोणत्याही नेत्याला सोपे नव्हते.

४. अन्न : सर्वांत नाजूक धागा

अन्नाच्या बाबतीत ब्रिटन आणि जर्मनी यांची तुलना उपयुक्त ठरते. दोन्ही देश काही प्रमाणात आयात अन्नावर अवलंबून होते आणि दोघांनीही एकमेकांची समुद्री वाट अडवली.

*जर्मनी.* ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे धान्य, चारा आणि खते यांची आयात घटली. सरकारने १९१५ च्या सुरुवातीपासून पावावर शिधापत्रिका लागू केल्या आणि पावाच्या पिठात बटाटा मिसळायला सांगितले. पण नियंत्रण एका वस्तूवर आले की अडचण दुसरीकडे सरकत असे. धान्याचे भाव बांधल्यावर शेतकऱ्यांना ते बाजारात आणण्यापेक्षा जनावरांना घालणे परवडू लागले. मग डुकरे माणसांचे अन्न खातात, असा निष्कर्ष काढून १९१५ मध्ये लाखो डुकरांची कत्तल करण्यात आली. काही काळ मांस मुबलक झाले. पुढे मांस, चरबी आणि शेणखत या तिन्हींचा तुटवडा पडला. १९१६ मध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि त्या हिवाळ्यात लोकांना एरवी जनावरांना घालायच्या सलगमावर दिवस काढावे लागले. तो काळ ‘सलगमाचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो.

टंचाईइतकाच लोकांचा संताप विषमतेवर होता. पैसेवाल्यांना काळ्या बाजारात सारे मिळत होते, तर कामगारांच्या बायका पहाटेपासून रांगेत उभ्या राहत होत्या. जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनमध्ये लाखो कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पुरेसे अन्न आणि तातडीची शांतता या दोन्ही गोष्टी होत्या.

*ब्रिटन.* येथे शिधावाटप उशिरा, १९१८ मध्ये आले. साखर, मांस, लोणी यांवर नियंत्रण आले, मात्र पाव शिधापत्रिकेवर गेला नाही. उलट १९१७ पासून सरकारने अनुदान देऊन त्याचा भाव खाली ठेवला. राजघराण्यालाही शिधापत्रिका होती. वाटणी समान आहे, अशी लोकांची बऱ्याच अंशी खात्री पटल्यामुळे टंचाई असूनही व्यवस्था टिकली.

५. पैसा : खर्च पुढे ढकलण्याचे राजकारण

ब्रिटनमध्ये प्राप्तिकराचा प्रमाण दर युद्धाच्या सुरुवातीला पौंडामागे १ शिलिंग २ पेन्स होता. १९१८ मध्ये तो ६ शिलिंग झाला, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर गेला. तरीही खर्चाचा मोठा भाग कर्जातून भागवावा लागला. राष्ट्रीय कर्ज दहापटीहून अधिक वाढले आणि त्यातील काही हिस्सा अमेरिकेला देणे होता.

जर्मनीने करांवर त्याहून कमी भर दिला. युद्धकर्जरोख्यांच्या नऊ मालिका काढून सुमारे ९८ अब्ज मार्क उभारले गेले. अर्थखाते सांभाळणारे कार्ल हेल्फरिख यांनी १९१५ मध्येच संसदेत सूचित केले होते की हा बोजा शेवटी पराभूत शत्रूने वाहावा. म्हणजे जर्मनीही विजय मिळाल्यास भरपाई वसूल करण्याच्या हिशेबावरच कर्ज काढत होता. फ्रान्समध्येही जर्मनी पैसे देईल, ही आशा युद्धानंतर वर्षानुवर्षे अर्थसंकल्पात डोकावत राहिली.

मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपली पुंजी या रोख्यांत घातली होती. ते पैसे परत करण्यासाठी सरकारांपुढे तीनच वाटा होत्या : स्वतःच्या नागरिकांवर कर वाढवणे, चलन छापून देणी हलकी करणे किंवा पराभूताकडून वसूल करणे. तिसरी वाट निवडणुकीत सर्वांत सोयीची होती, हे वेगळे सांगायला नको.

६. श्रम, स्त्रिया आणि मताधिकार

पुरुष आघाडीवर गेल्याने स्त्रिया मोठ्या संख्येने दारूगोळ्याच्या कारखान्यांत, ट्रामवर आणि कचेऱ्यांत आल्या. स्फोटक द्रव्ये हाताळून काहींची कातडी पिवळी पडे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने २१ वर्षांवरील जवळपास सर्व पुरुषांना आणि मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या ३० वर्षांवरील स्त्रियांना मताधिकार मिळाला. कारखान्यात राबलेल्या बहुतेक तरुण मुली मात्र तिशीच्या आतल्या होत्या, म्हणून त्या वगळल्या गेल्या.

कामगारांशीही देवघेव झाली. १९१५ मध्ये ग्लासगोत भाडेवाढीविरुद्ध भाडेकरूंनी, विशेषतः स्त्रियांनी, भाडे न देण्याचा लढा उभारला आणि त्याच वर्षी सरकारला घरभाड्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. युद्धाला लोकांच्या संमतीची गरज होती आणि ती संमती फुकट मिळत नव्हती.

> थोडे थांबा : वरील चारही भागांत एक समान सूत्र दिसते का? प्रत्येक ठिकाणी सरकारने काय मागितले आणि बदल्यात काय देऊ केले, हे दोन रकाने करून लिहा. पुढील भाग वाचताना हा तक्ता जवळ ठेवा.

७. पॅरिस : टेबलाभोवती चौघे, दाराबाहेर मतदार

शांतता परिषद १८ जानेवारी १९१९ रोजी सुरू झाली. महत्त्वाचे निर्णय अमेरिकेचे वुड्रो विल्सन, ब्रिटनचे डेव्हिड लॉइड जॉर्ज, फ्रान्सचे जॉर्ज क्लेमांसो आणि इटलीचे व्हित्तोरिओ ऑर्लांदो यांच्या बैठकींत झाले.

*ब्रिटन.* शस्त्रसंधीनंतर महिन्याभरातच, डिसेंबर १९१८ मध्ये, निवडणूक झाली. नव्या मतदारांसमोर जर्मनीकडून पै न् पै वसूल करण्याची भाषा झाली. लॉइड जॉर्ज खासगीत वेगळा विचार करत होते. मार्च १९१९ मध्ये फाँतेनब्लो येथे तयार केलेल्या टिपणात त्यांनी अतिकठोर तह नव्या युद्धाला कारण ठरेल, असा इशारा दिला. मात्र एप्रिलमध्ये त्यांच्या पाठीराख्या दोनशेहून अधिक खासदारांनी तार करून निवडणुकीतील वचनाची आठवण करून दिली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. शस्त्रसंधीपूर्वीच्या पत्रव्यवहारात जर्मनीकडून नागरी लोकसंख्येच्या नुकसानीची भरपाई घेण्याचे ठरले होते. युद्धाचा एकूण खर्च मागायचा नव्हता. फ्रान्सची शेते, खाणी आणि गावे उद्ध्वस्त झाली होती, त्यामुळे तिचा दावा उघड होता. ब्रिटनची भूमी तुलनेने सुरक्षित राहिली होती. केवळ मालमत्तेचे नुकसान धरले तर ब्रिटनच्या वाट्याला फार थोडे आले असते. दक्षिण आफ्रिकेचे यान स्मट्स यांनी युक्तिवाद केला की सैनिकाचे कुटुंब हे नागरिकच असते आणि सेवेतून परतलेला जायबंदी सैनिकही नागरिकच असतो. म्हणून कुटुंबभत्ता आणि निवृत्तिवेतन हे नागरी नुकसान ठरते. विल्सन यांनी स्वतःच्या कायदेतज्ज्ञांची हरकत बाजूला ठेवून हे मान्य केले. अशा रीतीने गृहआघाडीवरचा एक कल्याणकारी खर्च तहाच्या कलमांत शिरला. त्यामुळे भरपाईतील ब्रिटनचा वाटा वाढला.

भरपाईची रक्कम तहात ठरलीच नाही. नेमका आकडा सांगितला असता तर कोणत्या ना कोणत्या देशातील मतदार नाराज झाले असते. मे १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क ही रक्कम जाहीर झाली. तिचे तीन भाग केले होते. त्यांतील ८२ अब्जांचा तिसरा भाग वसूल होण्याची अपेक्षा जाणकारांना फारशी नव्हती. तो आकडा मुख्यतः विजेत्या देशांतील लोकमतासाठी होता. १९३२ पर्यंत प्रत्यक्षात सुमारे २० अब्ज मार्कच दिले गेले.

*जर्मनी.* शस्त्रसंधीनंतरही नाकेबंदी उठली नाही. मार्च १९१९ मध्ये अन्नपुरवठ्याचा करार झाला. नाकेबंदी पूर्णपणे जुलैमध्ये, तह मंजूर झाल्यावर उठली. भुकेल्या देशाने दबावाखाली सही केली, ही भावना तेथे खोलवर रुजली. त्यातच सैन्य रणांगणावर हरले नाही, घरातील समाजवाद्यांनी आणि ज्यूंनी पाठीत खंजीर खुपसला, ही दंतकथा सेनानींनी पसरवली. वस्तुतः १९१८ च्या शरद ऋतूत लष्करी नेतृत्वानेच तातडीच्या शस्त्रसंधीची मागणी केली होती. पण सेन्सॉरने चार वर्षे केवळ विजयाच्या बातम्या दिल्यामुळे पराभव लोकांना अनाकलनीय वाटला. शस्त्रसंधीवर सही करणारे मात्थियास एर्त्सबर्गर यांची १९२१ मध्ये हत्या झाली. युद्धकर्जाचा प्रश्न चलनवाढीने निकालात काढला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते आणि देशभक्तीपोटी घेतलेले रोखे रद्दीच्या मोलाचेही उरले नव्हते.

*अमेरिका.* विल्सन यांनी जानेवारी १९१८ मध्ये चौदा मुद्दे मांडले होते. राष्ट्रसंघाची कल्पना त्यांतलीच. पण नोव्हेंबर १९१८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे जिंकली. युद्धकाळातील दडपशाहीमुळे विल्सन यांचे पुरोगामी समर्थकही दुरावले होते. नोव्हेंबर १९१९ आणि मार्च १९२० मध्ये सिनेटने तह फेटाळला. ज्यांच्या शब्दावर जग विसंबले होते, त्यांच्या देशातच तह मंजूर झाला नाही.

८. भारत : गृहआघाडी होती, मताधिकार नव्हता

ब्रिटनने युद्ध पुकारताच भारतही त्यात ओढला गेला. दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार समुद्रापार गेले. त्यांपैकी ७४ हजारांहून अधिक परतले नाहीत. पंजाबात भरतीसाठी गावांवर दडपण आणले गेले. १९१७ मध्ये भारताच्या तिजोरीतून ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिली गेली. महागाई वाढली आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत एक कोटीहून अधिक लोक मरण पावले.

येथेही आश्वासन होतेच. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. १९१८ मध्ये महात्मा गांधी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरले. लोकमान्य टिळकांची भूमिका निराळी होती. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या प्रांतिक युद्ध परिषदेत त्यांनी भरतीचा प्रश्न स्वराज्याच्या हक्काशी जोडला. गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडवले, तेव्हा ते सभा सोडून निघाले. गृहआघाडीवरील देवघेव टिळकांनी येथे उघडपणे मांडली होती, हे लक्षात घ्या.

हिशेबाची वेळ आली तेव्हा काय घडले? १९१५ चा भारत संरक्षण कायदा युद्धापुरता होता. त्यातील विनाचौकशी अटकेसारखे अधिकार शांततेतही चालू ठेवणारा रौलट कायदा मार्च १९१९ मध्ये संमत झाला. १३ एप्रिल रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंधराच दिवसांनी, २८ एप्रिलला, पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाची घटना स्वीकारली गेली.

काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली होती. त्यांना प्रवेश मिळाला नाही. टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी क्लेमांसो यांना भारताची बाजू मांडणारे निवेदन पाठवले. भारताच्या वतीने तहावर सह्या केल्या त्या माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला, पण त्याचे प्रतिनिधी भारतीय जनतेने निवडलेले नव्हते. चीन, कोरिया आणि इजिप्त येथेही १९१९ मध्ये अपेक्षाभंगातून मोठी आंदोलने उभी राहिली.

एका दालनात मात्र वाट थोडी उघडली. विजेत्या देशांतील कामगारांच्या दबावामुळे व्हर्सायच्या तहातच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची तरतूद झाली. १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला झालेल्या तिच्या पहिल्या परिषदेला ना. म. जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. तेथे ४८ तासांचा आठवडा ठरला, पण भारतासाठी ६० तासांचा अपवाद ठेवण्यात आला. जोशींची नेमणूकही सरकारनेच केली होती. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनीच सुचवावा, तर त्यांची देशव्यापी संघटना हवी. ही गरज १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन होण्यामागचे एक महत्त्वाचे कारण ठरली.

९. सारांश

व्हर्सायच्या तहाचे दोष केवळ चार नेत्यांच्या स्वभावात शोधू नयेत. कर टाळून काढलेली कर्जे, प्रचाराने तापवलेले लोकमत, सेन्सॉरने लपवलेला पराभव आणि त्यागाच्या बदल्यात दिलेली वचने यांनी त्यांचे हात आधीच बांधले होते. ब्रिटनच्या मतदारांना सरकारवर दबाव आणता आला. भारतीयांनी तसाच त्याग केला, पण मताचा अधिकार नसल्यामुळे त्यांच्या वाट्याला आधी रौलट कायदा आला. असहकार आंदोलनाची पार्श्वभूमी अभ्यासताना हा फरक विसरू नका.

परीक्षेत उत्तर लिहिताना एक काळजी घ्या. ‘व्हर्सायच्या तहामुळे दुसरे महायुद्ध झाले’ असे एका वाक्यात लिहू नका. १९१९ आणि १९३९ यांच्या मध्ये महामंदी आहे, नाझींचा उदय आहे आणि अनेक टाळता येण्याजोगे निर्णय आहेत. तहाने काही वाटा अवघड केल्या, इतकेच खात्रीने म्हणता येते.

१०. स्वाध्याय

१. गृहआघाडी ही संकल्पना ब्रिटन व जर्मनीच्या अन्नधोरणांची तुलना करून स्पष्ट करा.

२. सैनिकांच्या कुटुंबांचा भत्ता युद्धभरपाईत कसा समाविष्ट झाला? त्याचा ब्रिटनला काय लाभ झाला?

३. ‘पराभवाची बातमी लपवणे हे पराभवापेक्षा महाग पडते.’ जर्मनीच्या संदर्भात चर्चा करा.

४. युद्धकाळातील आश्वासने आणि १९१९ मधील घटना यांच्या आधारे भारताच्या अनुभवाचे मूल्यमापन करा.

५. तुमच्या जिल्ह्यात किंवा राज्यात पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे स्मारक अथवा नामफलक आहे का? असल्यास त्यावरील माहिती टिपून घ्या आणि त्या परिसरातून भरती कशी झाली असावी, यावर वर्गात मांडणी करा.